अख्तमार बेटावरचं चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चर्च नेमकं कुठे आहे?

पूर्व तुर्कस्तानात, वान नावाच्या सरोवरात. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १६४० मीटर उंचीवर आहे आणि तुर्कस्तानातलं सर्वांत मोठं आहे. दक्षिण किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटर आत एक छोटं खडकाळ बेट आहे. पश्चिमेला करड्या चुनखडीचा उभा कडा, पूर्वेकडे उतरत जाणारी जमीन, आणि त्या उतारावर तांबूस दगडाचं, टोकदार शिखराचं एक चर्च. आर्मेनियन लोक त्याला ‘सुर्ब खाच’ म्हणतात. सुर्ब म्हणजे पवित्र आणि खाच म्हणजे क्रूस.

अख्तमार की अक्दमार? दोन्ही नावं वाचायला मिळतात.

आर्मेनियन नाव अख्तमार. तुर्की नकाशांवर आणि फलकांवर अक्दमार. उच्चारात फरक एवढासा, पण तुर्कीत ‘अक् दमार’ म्हणजे ‘पांढरी शीर’. जुन्या नावाला ध्वनीनं अगदी जवळचा आणि अर्थानं पूर्ण वेगळा असा हा शब्द आहे. या लेखात मी जुनं नाव वापरतो, कारण ज्यांनी चर्च बांधलं आणि हजार वर्षं सांभाळलं ते त्याला याच नावानं ओळखत होते.

ते कोणी बांधलं आणि कधी?

गागिक आर्त्सरुनी या राजानं. काम इसवी सन ९१५ मध्ये सुरू झालं आणि ९२१ मध्ये पूर्ण झालं. स्थपतीचं नाव मानुएल. मध्ययुगातल्या फारच थोड्या इमारतींच्या बाबतीत आपल्याला बांधणाऱ्याचं नाव ठाऊक असतं, म्हणून ते इथे मुद्दाम सांगतो. आर्त्सरुनी घराण्याचा इतिहास तोव्मा आर्त्सरुनी यानं लिहिला. त्याचा ग्रंथ पुढे चालवणाऱ्या अनामिक लेखकानं गागिकची बांधकामं डोळ्यांनी पाहिल्यासारखी वर्णन केली आहेत.

आपल्याकडचा काळ लक्षात यावा म्हणून सांगतो: तेव्हा दख्खनवर राष्ट्रकूटांचा इंद्र तिसरा राज्य करत होता, आणि ९१६ च्या सुमारास मसुदी हा अरब प्रवासी आपल्या चौल बंदरात उतरला होता. तो त्याला ‘सैमूर’ म्हणतो. वेरूळचं कैलास लेणं तेव्हा दीडशे वर्षांचं जुनं झालं होतं आणि अंबरनाथचं शिवमंदिर व्हायला अजून शंभरावर वर्षं होती.

एवढा खर्च करून बेटावर चर्च बांधायची गरज काय होती?

हा प्रश्न समजला की भिंतीवरची अर्धी शिल्पं आपोआप उलगडतात.

त्या काळी आर्मेनिया बगदादच्या खलिफाच्या सत्तेखाली होता. राजेपद होतं बग्रातुनी घराण्याकडे. आर्त्सरुनी हे वान सरोवराच्या भोवतालच्या वास्पुराकान प्रांताचे सरदार होते. तोलामोलाचे, पण राजे नव्हेत. ९०८ मध्ये खलिफाचा अझरबैजानमधला अमीर युसुफ यानं गागिकच्या डोक्यावर मुकुट ठेवला. हेतू उघड होता, आर्मेनियन घराण्यांत फूट पाडण्याचा. बग्रातुनी राजा स्मबात याच्यावर युसुफ चालून गेला तेव्हा सुरुवातीला गागिक युसुफच्या बाजूनं होता. पुढे ९१४ मध्ये स्मबातला हालहाल करून मारण्यात आलं आणि आर्मेनियन लोकांनी त्याला हुतात्मा मानलं.

म्हणजे ९१५ साली गागिकजवळ मुकुट होता, पण तो परक्या अमिरानं दिलेला, आणि त्याच्याशी एका हुतात्म्याची आठवण चिकटलेली. राज्य मिळालं होतं, मान मिळायचा होता. अशा वेळी त्यानं बेटावर राजधानी उभारायला घेतली: तटबंदी, बंदर, राजवाडा, बागा आणि मधोमध हे चर्च. मला तर हे चर्च म्हणजे गागिकनं आपल्या प्रजेला आणि देवाला दगडात लिहून दिलेलं निवेदन वाटतं. मी राजा आहे, आणि माझं राजेपण वरून आलेलं आहे, असं ते निवेदन.

बेट निवडण्याला व्यवहारी कारणही होतं. चहूबाजूंनी पाणी म्हणजे आयता खंदक. जंजिऱ्याचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. गागिकच्या आधी अडीचशे वर्षं, सातव्या शतकात, थेओदोरोस र्‍श्तुनी या सेनापतीनंही हेच बेट आसरा म्हणून वापरलं होतं.

तो राजवाडा आता कुठे आहे?

नाही. जुन्या लिखाणात सोनेरी सिंहासनांची, लढायांच्या चित्रांची, घुमटांची वर्णनं आहेत. जमिनीवर त्यातलं काही उभं नाही. चर्च मात्र राहिलं.

दगड बेटावरचाच आहे का?

बेटावरचा खडक करडा आहे आणि चर्च तांबूस, म्हणजे दगड बाहेरचाच. इतिहासकार सांगतो की गागिकनं कोतोम नावाचा एक किल्ला जिंकला, तो पाडला आणि त्याचे दगड होड्यांतून सरोवरापार आणले. शत्रूच्या किल्ल्याचे दगड देवळाला लावणं ही त्या काळची विजयाची भाषा होती.

सकाळ-संध्याकाळी उन्हात हा दगड पेटल्यासारखा दिसतो. कोकणातल्या जांभ्याचा रंग डोळ्यांसमोर आणा, पण जांभा सच्छिद्र असतो आणि हा दगड घट्ट, बारीक कोरीवकामाला तयार.

आराखडा कसा आहे?

बाहेरून चर्च मोठं वाटतं, आत गेल्यावर लक्षात येतं की ते लहान आहे: लांबी सुमारे १५ मीटर, रुंदी सुमारे १२ मीटर. पण घुमटाचं टोक जमिनीपासून २० मीटरवर आहे. लांबी-रुंदीच्या मानानं ही उंची खूप आहे, त्यामुळे आत पाऊल टाकताच नजर सरळ वर जाते.

मधे एक चौक. त्याच्या चारही बाजूंना अर्धवर्तुळाकार खोबण्या, म्हणजे भिंतीतच घेतलेले मोठे अर्धगोल कोनाडे. कोपऱ्यांतही चार लहान कोनाडे. या सगळ्यांनी मिळून वरच्या घुमटाचा भार पेललेला. मधे एकही खांब नाही. पूर्वेच्या खोबणीत वेदी, तिच्या दोन्ही अंगांना दोन चिंचोळ्या खोल्या. आर्मेनियात सातव्या शतकापासून अशी मध्यवर्ती घुमटाची चर्चं बांधली जात होती. मानुएलनं नवा आराखडा शोधला नाही. जुनाच आराखडा नेमका आणि आटोपशीर करून बांधला.

दक्षिणेच्या खोबणीत राजासाठी उंचावर सज्जा होता. राजा बाहेरच्या जिन्यानं थेट सज्ज्यात येत असे आणि प्रजेच्या डोक्यावरून प्रार्थना पाहत असे. हे चर्च मुळात राजवाड्याचं होतं, हे या एका सज्ज्यावरून कळतं.

शिखर असं टोकदार का?

आतून घुमट गोलच आहे. त्याच्यावर बाहेरून शंकूच्या आकाराचं दगडी छप्पर चढवलं आहे आणि खाली बहुभुजी पिंप, म्हणजे घुमटाला उचलून धरणारी पिंपासारखी भिंत. आर्मेनियाच्या पठारावर हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतो आणि उतरत्या शंकूवरून ते घसरून जातं. हे झालं उपयोगाचं कारण. पण मागे डोंगरांची बर्फाळ टोकं आणि पुढे चर्चचं टोक असं एकदा पाहिलं की केवळ उपयोगाच्या कारणावर समाधान होत नाही.

भूकंपाच्या प्रदेशात ते अकराशे वर्षं कसं टिकलं?

आर्मेनियन गवंड्यांची पद्धत अशी: बाहेरून आणि आतून ताशीव दगडांचे पातळ थर, आणि त्यांच्यामध्ये खडी व चुन्याचा घट्ट गाभा. चुना मुरला की भिंत एकजीव होते. खरा भार गाभाच पेलतो. शिवाय इमारत आटोपशीर, चारही बाजूंनी तोललेली. लांबलचक सभागृह नाही, उंच मोकळ्या भिंती नाहीत. ऑक्टोबर २०११ मध्ये वान परिसरात मोठा भूकंप झाला, शेकडो माणसं गेली. चर्चला तडे गेले, पण ते उभं राहिलं.

बाहेरच्या भिंतींवरच्या शिल्पांची एवढी चर्चा का होते?

कारण त्या काळच्या ख्रिस्ती जगात याच्यासारखं दुसरं काही नाही. आर्मेनियात आधीही चर्चवर थोडीफार शिल्पं असत, दारावर, खिडकीच्या कमानीवर. पण चारही भिंती वरपासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी कोरून काढणं हे इथेच घडलं. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. अंबरनाथला किंवा वेरूळच्या कैलासाला आपण बाहेरून फिरत फिरतच देवळाचं ‘वाचन’ करतो. इथेही तसंच करावं. आधी प्रदक्षिणा, मग दर्शन.

पश्चिमेपासून सुरू करा. तिथे खुद्द गागिक आहे. डोक्यावर मुकुट, मागे प्रभावळ, अंगावर वर्तुळांत पक्षी विणलेला भरजरी झगा, आणि हातात चर्चची छोटी प्रतिकृती. समोर येशू ख्रिस्त. राजा आपली भेट त्याला देतो आहे. ज्या राजाचा मुकुट अमिरानं दिला होता, तो इथे मधे कोणी न ठेवता थेट ख्रिस्तासमोर उभा आहे. गागिकला जे सांगायचं होतं ते या एका शिल्पात आलं आहे.

दक्षिणेची भिंत सगळ्यांत भरलेली. बायबलमधला संदेष्टा योना याची गोष्ट तिथे आहे: खलाशी त्याला गलबतातून खाली ढकलताहेत आणि पाण्यात एक विचित्र प्राणी तोंड उघडून वाट बघतो आहे. बायबलमध्ये तो मोठा मासा, इथे मात्र त्याला कुत्र्यासारखं डोकं आणि पंख! इराणच्या सासानी कलेतला हा कल्पित प्राणी आर्मेनियन पाथरवटांच्या हाताखाली योनाचा मासा झाला. पुढे सुटका झालेला योना वेलाच्या सावलीत आरामात पडलेला. योनाला देवानं पाठवलं होतं निनवे नगरीत, म्हणजे अश्शूरच्या राजधानीत, आणि आर्त्सरुनी घराणं आपला वंश अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या मुलांपासून सांगत असे. म्हणून काही अभ्यासकांना या शिल्पात घराण्याची खूण दिसते. मला ते पटतं, कारण एवढी मोठी जागा उगाच कोणी देत नाही.

त्याच भिंतीवर दावीद आणि गल्याथ. गल्याथ धिप्पाड, अंगात चिलखत. दावीद गोफण घेऊन त्याच्यापुढे. आणि जवळच सहाक व हमाझास्प हे दोन आर्त्सरुनी राजपुत्र. धर्म सोडायला नकार दिला म्हणून ७८६ च्या सुमारास खलिफाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना मारलं होतं. बायबलमधल्या वीरांच्या पंक्तीत गागिकनं आपले पूर्वज बसवले. हुतात्मा फक्त बग्रातुनींकडेच नाही, हेही त्यानं जाता जाता सांगून टाकलं.

उत्तरेला आदाम आणि हव्वा झाडाच्या दोन बाजूंना, शमशोन, सिंहांमधला दानीएल, आणि तीन घोडेस्वार संत. एकाच्या भाल्याखाली अजगर, दुसऱ्याच्या भाल्याखाली श्वापद, तिसऱ्याच्या भाल्याखाली माणूस. पूर्वेला आदाम पुन्हा भेटतो, या वेळी प्राण्यांना नावं देताना. म्हणूनच बहुधा भिंतींतून जागोजागी प्राण्यांची अर्धी शरीरं बाहेर डोकावतात, जणू हाक ऐकून निघालेली.

वर जी द्राक्षांची वेल दिसते तिचा अर्थ काय?

मला सर्वांत प्रिय भाग हाच. खालची शिल्पं राजाची आणि देवाची; वरची वेल लोकांची. छपराच्या खाली ती चर्चला पूर्ण वेढा घालून फिरते, आणि तिच्या आत सगळा गाव आहे. कोणी द्राक्षं तोडतो आहे, कोणी कुस्ती खेळतो आहे, शिकारी आहे, ससे आहेत, द्राक्षांवर ताव मारणारी अस्वलं आहेत. ख्रिस्ती अर्थ सांगायचा तर ख्रिस्त म्हणजे खरा द्राक्षवेल आणि चर्चच्या प्रार्थनेत द्राक्षारस. पण ज्यानं बागेत घुसलेलं अस्वल एवढ्या प्रेमानं कोरलं, त्यानं ते शेतात पाहिलेलं असणार.

पूर्वेच्या बाजूला या वेलीत मांडी घालून बसलेला एक राजपुरुष आहे: एका हातात पेला, दुसरा हात घडाकडे, दोन्हीकडे सेवक. ही बैठक बगदाद-समाराच्या दरबारी चित्रांतली. खलिफाच्या दरबाराची ऐट आणि बायबलमधल्या गोष्टी एकाच भिंतीवर शेजारी नांदतात. सरहद्दीवरची माणसं अशीच असतात. दोन्हीकडची भाषा त्यांना येते.

आत काय बघण्यासारखं आहे?

भित्तिचित्रं. ओल, धूर आणि हेळसांड यांनी बरीच गेली. पण निळा रंग अजून जाणवतो. घुमटाच्या पिंपात आदामाच्या निर्मितीची कथा, खालच्या भिंतींवर ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग. आर्मेनियन भित्तिचित्रांचा इतक्या जुन्या काळचा एवढा मोठा संच दुसरीकडे उरलेला नाही. ऊन बाहेर कडक असेल तर आत गेल्यावर लगेच काही दिसत नाही. पाच मिनिटं भिंतीला न टेकता शांत उभं राहा, डोळे सरावले की एकेक चेहरा वर येतो.

चर्चला चिकटलेल्या इतर इमारती कुठल्या?

त्या नंतरच्या. पश्चिमेला जोडलेलं दालन १७६३ मधलं. दक्षिणेच्या दारापुढचा घंटेचा मनोरा त्याच्याही नंतरचा. या मनोऱ्यानं दक्षिणेची काही शिल्पं झाकली आहेत. सौंदर्य म्हणून मला तो खटकतो, पण चर्च आठशे-नऊशे वर्षांनंतरही वापरात होतं आणि लोक त्यात भर घालत होते याचा तो पुरावा आहे.

आवारात खाचकारही पाहा. उभ्या शिळेवर मधोमध क्रूस आणि भोवती जाळीदार नक्षी. कोणाच्या तरी स्मरणार्थ, आत्म्याच्या सद्‌गतीसाठी कोरलेली. आपल्या वीरगळांसारखी गावोगाव, रानोमाळ उभी असणारी ही आर्मेनियन शिळा. ही कला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

गागिकचं राज्य गेल्यावर चर्चचं काय झालं?

राज्य फार टिकलं नाही. १०२१ मध्ये सेनेकेरिम आर्त्सरुनी यानं वास्पुराकान बायझंटाइन सम्राटाला देऊन टाकलं आणि मोबदल्यात सेबास्तियाकडे, आजच्या सिवासकडे, वस्ती हलवली. मग तुर्क आले. पण चर्चला दुसरं आयुष्य मिळालं: १११३ मध्ये इथल्या आर्चबिशपनं स्वतःला कॅथोलिकोस, म्हणजे आर्मेनियन चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू, जाहीर केलं. बाकीच्या चर्चनं विरोध केला, तरी अख्तमारची ही गादी १८९५ पर्यंत चालली. एका राजवाड्याचं देवघर पावणेआठशे वर्षं एका धर्मपीठाचं मुख्य चर्च होऊन राहिलं. बेटावर मठ होता, हस्तलिखितं तयार होत होती, त्यांत चित्रं काढली जात होती.

याच सरोवराच्या दक्षिणेला नारेकचा मठ होता. तिथे दहाव्या शतकात ग्रिगोर नारेकात्सी हा संतकवी राहिला. त्याच्या प्रार्थना आर्मेनियन घरांत आजही उशाशी ठेवतात.

तामारची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी: बेटावर तामार नावाची मुलगी राहत असे. किनाऱ्यावरचा एक तरुण रोज रात्री तिच्या दिव्याच्या खुणेवर पोहत येई. एका रात्री कोणीतरी तो दिवा विझवला. तरुण अंधारात वाट चुकला, दमला आणि बुडताना म्हणाला, “आख, तामार!” म्हणून बेटाचं नाव अख्तमार.

नाव या गोष्टीपेक्षा जुनं आहे आणि जुन्या हस्तलिखितांत त्याचं लेखनही ‘आख’ असं फोडता येण्यासारखं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होव्हानेस तुमान्यान या कवीनं तिच्यावर कविता लिहिली आणि ती प्रत्येक आर्मेनियन मुलाला पाठ झाली. भाषाशास्त्र काहीही म्हणो, सरोवराकडे पाहताना तो दिवा आठवतोच.

आज तिथे आर्मेनियन लोक का राहत नाहीत?

१९१५ मुळे. ऑटोमन सत्तेनं त्या वर्षी आणि पुढच्या काळात आर्मेनियन समाज मुळासकट उखडला: कत्तली, वाळवंटाकडे पायी हद्दपारी, उपासमार. बहुतेक इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात. तुर्कस्तानचं सरकार तो शब्द नाकारतं. वानचा प्रदेश आर्मेनियन लोकांच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक होता. तो रिकामा झाला आणि अख्तमारचा मठ उजाड पडला. चर्चबद्दल बोलताना लोक दगड, शिल्पं, कमानी याच्यावर भरभरून बोलतात आणि इथे येऊन आवाज खाली आणतात. मला ते बरोबर वाटत नाही. ज्या वेलीत गाव कोरलं आहे, ते गावच तिथे नाही. हे सांगितल्याशिवाय त्या वेलीचं वर्णन पुरं होत नाही.

चर्च पाडायला निघाले होते हे खरं का?

हो, १९५१ मध्ये. पाडकामाचा हुकूम निघाला होता आणि आवारातल्या बांधकामावर हात पडलाही होता. यशार केमाल, जो पुढे तुर्कीचा थोर कादंबरीकार झाला, तेव्हा तरुण बातमीदार होता. त्याला हे कळलं, त्यानं इस्तंबूलला आपल्या वृत्तपत्रातून सूत्रं हलवली आणि काम थांबलं. त्यानंतर पन्नासएक वर्षं चर्च ओसाड होतं, शिल्पांवर गोळ्यांचे व्रण उमटले. २००५ मध्ये तुर्की सरकारनं जीर्णोद्धार सुरू केला, आणि २९ मार्च २००७ रोजी ते संग्रहालय म्हणून उघडलं.

मग ते चर्च आहे की संग्रहालय?

कागदोपत्री संग्रहालय. उघडलं तेव्हा शिखरावर क्रूसही नव्हता. १९ सप्टेंबर २०१० रोजी, १९१५ नंतर पहिल्यांदा, तिथे उपासना झाली. हजारो लोक आले, त्यांतले कित्येक आर्मेनियन आपल्या आजोळच्या मातीवर पहिल्यांदा पाय ठेवत होते. त्यानंतर काही दिवसांनी क्रूस चढला. आता बहुधा वर्षातून एकदा, सप्टेंबरमध्ये, उपासनेला परवानगी मिळते. २०१५ मध्ये तुर्कस्तानानं हे चर्च युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घातलं.

आर्मेनियन लोकांचा आपल्याशी काही संबंध आहे का?

आहे, पण या बेटामार्फत नाही. हिंदुस्थानात आलेले आर्मेनियन व्यापारी मुख्यतः इराणमधल्या इस्फहानच्या जुल्फा वस्तीतले. सुरत, आग्रा, मद्रास, कोलकाता इथे त्यांच्या पेढ्या होत्या. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक १७९४ मध्ये मद्रासला छापलं गेलं. मुंबईच्या फोर्ट भागातही त्यांचं सेंट पीटर चर्च आहे. काळा घोड्याकडे जाताना शेकडो मुंबईकर त्याच्यावरून रोज जातात.

जायचं असेल तर कधी जावं?

वान शहर गाठा, तिथून गेवाश गावाकडच्या धक्क्यावर या. होडी बेटावर नेते. एप्रिलच्या सुमारास चर्चभोवतीची बदामाची झाडं फुलतात आणि मागच्या डोंगरांवर बर्फ असतो. तांबडा दगड, पांढरी फुलं आणि सरोवराचं हिरवट-निळं पाणी हे तिन्ही एकत्र तेव्हाच दिसतं. शिल्पांसाठी तिरकं ऊन हवं. दुपारी बाराला ती सपाट वाटतात. पूर्वेची भिंत सकाळी बघावी, गागिकची पश्चिम दुपार कलल्यावर. दुर्बीण न्या. अस्वलं फार वर आहेत.